नळाला राखणदार हवा

हुबळी आम्हा गोमंतकीयांना परकी नाही. कुणी लग्नाचा बस्ता बांधायला जातो, कुणी सिद्धारूढ स्वामींच्या मठात, कुणी तिथल्या मोठ्या इस्पितळात. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ साली सुरू झाला आणि घाटाखालचा माणूस व घाटावरचा धारवाडी बाजार यांचे जुने नाते आणखी घट्ट झाले. या बाजाराची मुख्य नस म्हणजे कोप्पीकर रोड. नाव ऐकले तरी आपल्या कानाला ओळखीचे वाटते. आसपास दुर्गदबैल, दाजीबान पेठ, मराठा गल्ली. कानडी, मराठी, कोकणी, उर्दू, मारवाडी अशा सगळ्या भाषांत इथे घासाघीस चालते.

या रस्त्यावर खरेदीला येणाऱ्याची नजर साड्यांवर आणि भांड्यांवर असते. पण मागच्या बोळात डोकावले की निळी पिंपे दिसतात, गच्च्यांवर काळ्या टाक्या दिसतात, आणि दुकानाच्या कोपऱ्यात वीस लिटरचा विकतचा कॅन उपडा करून ठेवलेला असतो. म्हादईच्या वादामुळे हुबळीचे नाव आपल्या वर्तमानपत्रांत सारखे येते. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवे म्हणून म्हादईचे पाणी वळवायचे, असे कर्नाटक म्हणते. आपण नको म्हणतो. या नको म्हणण्यात माझाही आवाज आहे. परंतु हुबळीचा माणूस आजवर काय पीत आला, त्याच्या नळातून येते ते पाणी कसले आहे, आणि त्यातून आपल्या खेड्यापाड्यांनी काय शिकावे, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. या लेखात तोच विचारायचा आहे.

आधी थोडा भूगोल. हुबळी-धारवाड ही जोडशहरे पाणलोटाच्या अगदी कण्यावर बसली आहेत. धारवाडच्या बाजूला उगम पावणारी बेडती पश्चिमेकडे वळते, पुढे गंगावळी होते आणि अंकोल्याजवळ अरबी समुद्राला मिळते. थोडे उत्तरेला मलप्रभा आहे, ती पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. कण्यावरच्या गावाचे दुर्दैव असे की पाऊस पडतो आणि दोन्ही अंगांनी वाहून जातो. मोठी नदी गावाजवळून जात नाही. म्हणून या भागात पाणी म्हणजे तळे. कानडीत त्याला ‘केरे’ म्हणतात. हुबळीचे उणकल केरे आज लोकांना फिरायची जागा म्हणून माहीत आहे, पण असली तळीच या मुलखाची तहान भागवत आली.

शहर वाढले, रेल्वेचा कारखाना आला, गिरण्या आल्या, तशी तळी अपुरी पडू लागली. १९५०च्या दशकात बेडतीच्या पाण्यावर कलघटगी तालुक्यात नीरसागर जलाशय बांधला गेला. म्हणजे पश्चिम समुद्राकडे जाणारे पाणी हुबळीने तेव्हाच एकदा अडवले होते. तेही पुरेना, तेव्हा १९८०च्या दशकात मलप्रभेचे पाणी आणले. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झालेले धरण आहे; तिथून पाणी उपसून धारवाडजवळच्या अम्मिनभावी येथे शुद्ध करायचे आणि मग शहरांकडे सोडायचे, अशी ही व्यवस्था.

आता ही मलप्रभा कुठे उगम पावते? आपल्या चोर्ला घाटाच्या माथ्यावर, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला. पणजीहून बेळगावला जाताना आपली गाडी या गावावरून जाते. गाव लहान, बोली मराठी, माउली देवीचे देऊळ आणि त्याच्याजवळ नदीचे उगमस्थान. गंमत अशी की याच गावाच्या परिसरातला कळसा नाला मात्र मलप्रभेला न मिळता उलट आपल्या बाजूला उतरतो आणि म्हादईला येऊन मिळतो. एका गावच्या पावसाचे दोन वाटे होतात: एक पूर्वेला हुबळीच्या नळाकडे, दुसरा पश्चिमेला मांडवीकडे. हा दुसरा वाटाही पहिल्यात वळवायचा, ही कळसा-भांडुरा योजना. २००६ साली कणकुंबीलाच तिची पायाभरणी झाली. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना तो तोंडपाठ आहे, म्हणून इथे उगाळत नाही.

हुबळीच्या पूर्वेला नवलगुंद, नरगुंद, रोण हा काळ्या मातीचा पट्टा लागतो. नरगुंद म्हटले की आपल्याला १८५८ च्या बंडातले बाबासाहेब भावे आठवतात. काळी माती कापसाला उत्तम, पण विहिरीला वैरीण. खाली लागते ते पाणी बहुधा खारट, मचूळ. त्यामुळे तिथली खेडी पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे साठवलेले तळ्याचे पाणी प्यायली. नवलगुंदचे नीलम्माचे केरे अशा गोड्या पाण्यासाठीच ओळखले जाते. पिण्याच्या तळ्याचे नियम वेगळे असत. त्यात गुरे सोडायची नाहीत, काठावर धुणे धुवायचे नाही. नियम मोडणाऱ्याला गावातली कोणतीही म्हातारी चार शब्द सुनावू शकत असे, कारण तळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. थोडक्यात, पाण्यावर राखण होती.

या राखणीचे कौतुक करताना तिच्या दोन उणिवा मात्र झाकता येत नाहीत. पहिली म्हणजे ती माणसामाणसांत भेद करणारी होती. कोणी कोणत्या काठावरून पाणी भरायचे, आणि कोणी भरायचेच नाही, हे जात ठरवी. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच असल्याने तो ठराव हुबळीलाही लागू होता. पण ठराव कागदावर राहिला, म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंसह जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि तळ्यावरच्या हक्काचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आपल्या गोव्यातल्या विहिरींचा इतिहास याहून फार निराळा होता असे म्हणायचे धाडस मी करणार नाही. आपापल्या गावच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.

दुसरी उणीव अशी की डोळ्यांना दिसते तेवढीच घाण ही राखण अडवू शके. पायऱ्यांच्या विहिरीत आणि तळ्यात पाय बुडवून पाणी भरायची पद्धत होती. त्यातून नारू पसरे. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात पडला की कृमीची अंडपिल्ले पाण्यात जात, तिथल्या बारीक पाणपिसवांच्या पोटात शिरत, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने पायातून हातभर लांब दोरा बाहेर पडताना दिसे. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत हा रोग होता. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा कठडा बांधून रहाटाच्या केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवले. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. औषध नाही, लस नाही. केवळ पाणी घेण्याची रीत बदलून एक रोग देशातून गेला. पाण्याच्या इतिहासात याच्याइतके समाधानाचे पान क्वचितच सापडेल.

न दिसणाऱ्या घाणीची गोष्ट गोव्याला तर फारच जुनी आहे. गाश्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ साली गोव्यात आलेल्या भयंकर साथीचे वर्णन केले आहे. पुढे गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच १५६३ साली छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या रोगाबद्दल सविस्तर लिहिले. रोगाचे नाव त्यांनी इथल्याच लोकांच्या तोंडून उचलले. ते आपले ‘मोडशी’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि फ्रेंचांनी तर त्यातून ‘कुत्र्याची मौत’ असा अर्थ काढला. आपल्या आजीच्या तोंडचा एक साधा शब्द असा युरोपभर फिरून आला. जुन्या गोव्यातले श्रीमंत लोक बायंगिणीच्या झरीचे पाणी पीत; गुलाम ते मडक्यांतून आणून शहरात विकत, असे लिन्शोतेन या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. बाकीच्यांना घराजवळची विहीर. जमीन भुसभुशीत, वस्ती दाट, घाण जमिनीत मुरून विहिरीत उतरणारी. साथींमागून साथी आल्या आणि पूर्वेची राणी म्हणवणारे शहर ओस पडले. १७५९ साली व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. जुने गोवे ओस पडण्याला व्यापाराचा ऱ्हास आणि हिवताप हीही कारणे होतीच. पण पाण्याचे कारण विसरता येत नाही.

मोडशीचे मूळ पाण्यात आहे हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ साली एका सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू मोजून दाखवले. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्याच्या एका तळ्यात सापडला. ज्या तळ्यात लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि ज्याचे पाणी पीत, अशा तळ्यात. तेव्हापासून जगभर एक उपाय ठरला: पाणी गाळा, औषध घाला आणि बंद नळातून घरी पोचवा. आपल्याकडे खांडेपारच्या काठी ओपा येथे १९५७ साली, पोर्तुगीज अमदानीतच, गोव्याचे पहिले जलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले. नळ ही खरोखर मोठी क्रांती होती. बायकांच्या डोक्यावरची घागर खाली उतरली. पाणवठ्यावरची जातीची रेघ पुसण्यात कायद्याला जे लवकर जमले नाही ते पुष्कळसे नळाने केले.

मग हुबळीत बिघडले कुठे? माझी मावशी लग्न होऊन हुबळीला गेलेली. शाळेच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो तेव्हा घरात एकच विषय असायचा: आज पाणी येणार की नाही? चार-पाच दिवसांनी पाणी यायचे, उन्हाळ्यात आठ-आठ दिवस जायचे. ज्या दिवशी यायचे त्या दिवशी मावशी कुठेही जायची नाही. पिंपे, हंडे, घागरी, कढया, इतकेच काय पण पिठाचे डबेदेखील रिकामे करून भरायचे. आणि आधीचे उरलेले ‘शिळे पाणी’ मोरीत ओतून द्यायचे! मला त्या वयात याचे मोठे आश्चर्य वाटे. ज्या घरात पाण्याची एवढी चणचण तिथे चांगले पाणी ओतून का देतात? मावशीचे उत्तर ठरलेले असे, ‘‘अरे, ताजे येताना शिळे कोण पितो?’’ आठ दिवस पिंपात साठलेल्या पाण्यावर तिचा विश्वास नव्हता. तो नसणे बरोबर होते, पण ताज्यावर तिने टाकलेला विश्वासही तितकासा बरोबर नव्हता, हे पुढे अभ्यासांनी दाखवले.

कारण समजायला सोपे आहे. नळाची वाहिनी जमिनीखालून जाते. तिच्या जोडांना कुठे ना कुठे गळती असतेच. वाहिनी पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असेल तर गळतीतून पाणी बाहेर पडते. नासाडी होते, पण बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद केले की दाब जातो, वाहिनी रिकामी होऊ लागते आणि त्याच फटींतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार जात असेल तर गटाराचे. पाणी आल्याबरोबर लोक नळाला मोटर लावतात, तिने हा ओढा आणखी वाढतो. शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ निघालेले पाणी गल्लीपर्यंत येईतो स्वच्छ राहीलच असे नाही. भारतीय मानकानुसार नळाच्या तोंडाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे लागते, ते वाटेतली अशी अनपेक्षित घाण मारण्यासाठीच.

हुबळी-धारवाडमध्ये याची परीक्षा घेण्याची एक दुर्मीळ संधी चालून आली. २००४ साली जागतिक बँकेने कर्नाटकातल्या हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा या शहरांसाठी एक प्रकल्प मंजूर केला. प्रत्येक शहराच्या काही वॉर्डांत नव्या वाहिन्या टाकून चोवीस तास पाणी द्यायचे आणि ते जमते का ते पाहायचे. २००८ च्या सुमारास हे वॉर्ड सुरू झाले. बाकी शहरात जुनाच पाळीचा कारभार. म्हणजे एकाच शहरात काही घरांना अखंड पाणी आणि इतरांना काही दिवसांआड. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या एमिली कंपेल आणि कारा नेल्सन यांनी २०१०-११ मध्ये दोन्ही भागांतल्या नळांचे नमुने तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे पाळीने पाणी येणाऱ्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई-कोलाय जंतू सापडले. अखंड पाण्याच्या नळांत ०.७ टक्के. शहर एकच, फरक वाहिनी भरलेली राहते की रिकामी होते एवढाच.

मात्र याच विद्यापीठाच्या गटाने २०१५ साली जवळपास चार हजार घरांची पाहणी मांडली, तिचा निष्कर्ष इतका सरळ नव्हता. चोवीस तास पाण्याच्या भागात लहान मुलांची रक्ती आव कमी आढळली, विषमज्वराच्या तक्रारी कमी घरांत आल्या. पण साधे जुलाब दोन्हीकडे सारखेच. नळ सुधारला तरी लोकांची साठवायची सवय लगेच जात नाही, पिंपात बुडणारा हात तोच राहतो, आणि उघड्या गटाराचा उपाय नळाकडे नसतो. पाणी ही एक कडी झाली. साखळीतल्या बाकीच्या कड्याही जागेवर असाव्या लागतात. हे प्रांजळपणे सांगणारा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो.

आता थोडे आकडे, कारण म्हादईच्या वादात आपण ‘टीएमसी’ हा शब्द मंत्रासारखा म्हणतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३१ कोटी लिटर. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात मलप्रभेत वळवण्यासाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी दिले: कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. तिन्ही राज्ये या निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. ३.९ टीएमसीला वर्षाच्या दिवसांनी भागले तर रोजचे ३० कोटी लिटर होतात. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९.४३ लाख होती. म्हणजे माणशी रोज सुमारे ३२० लिटर. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी सरकारी माप माणशी १३५ लिटरचे आहे. लोकसंख्या वाढली आहे हे खरे, आणि या पाण्यावर आजूबाजूच्या गावांचाही हक्क सांगितला जातो, तेव्हा हा हिशेब शेवटचा शब्द म्हणून मांडत नाही. पण एवढे त्यातून निश्चित दिसते की नदी आणखी वळवली तरी गल्लीतली वाहिनी दिवसातून तेवीस तास रिकामी राहणार असेल, तर दाजीबान पेठेतल्या मुलाच्या पोटात जाणारे पाणी सुधारणार नाही. हुबळीकराची तहान खरी आहे. तिचा उपाय मात्र कणकुंबीच्या डोंगरापेक्षा हुबळीच्या रस्त्याखाली अधिक शोधायला हवा. आपणही आपली बाजू मांडताना शेजाऱ्याच्या तहानेची टर न उडवता हे सांगितले तर ते अधिक पटेल.

आणि आपल्या घरचे काय? ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. ३७८ गावांतल्या २.६३ लाख ग्रामीण घरांना नळ. मी सरकारी कचेरीत तक्ते भरणारा माणूस, अशा तक्त्याची किंमत मला कळते. त्यामागे शेकडो माणसांचे कष्ट असतात. पण तक्त्याची मर्यादाही कळते. जोडण्या किती, हा रकाना नेहमी ठळक असतो. त्या नळाला किती तास पाणी येते, आणि गावाच्या शेवटच्या, उंचावरच्या घरी पोचेपर्यंत त्यात क्लोरिन किती उरते, हे रकाने शोधावे लागतात. वरच्या वाड्यावर दिवसातून तासभर पाणी येणारे गाव आणि कोप्पीकर रोडमागचा बोळ यांच्या वाहिन्यांत घडते ते एकच. शास्त्राला राज्याची हद्द कळत नाही.

ऑगस्ट २०१९ आठवते का? खांडेपारजवळ दरड कोसळून ओपाची मोठी जलवाहिनी फुटली आणि ऐन पावसाळ्यात पणजी, तिसवाडी, फोंडा या भागांचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. बाहेर मुसळधार आणि घरात थेंब नाही. लोक टँकरमागे धावले आणि जुन्या विहिरींकडे वळले. त्या वेळी बऱ्याच जणांच्या लक्षात आले की आपली बांय गाळाने भरली आहे, नाहीतर तिच्या शेजारीच शोषखड्डा खणला आहे. नळ आल्यापासून विहिरीकडे कुणी पाहिलेच नव्हते. पूर्वी पावसाच्या तोंडावर विहीर उपसायची, गाळ काढायचा, मग चुना किंवा ब्लिचिंग पावडर घालायची रीत होती. नळाने कष्ट वाचवले, त्याबरोबर आपली नजरही विहिरीवरून काढून घेतली. आणि नळाचे पाणी तर जमिनीखाली. त्याच्यावर नजर ठेवायची सवय आपल्याला कधी लागलीच नाही.

आपल्या प्रत्येक गावाला राखणदार असतो. वेशीवर त्याचा दगड असतो, वर्षातून एकदा त्याला रोट चढतो. नळालाही असा राखणदार हवा, आणि तो फार खर्चाचा नाही. १९८२ साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी एक साधी बाटली तयार केली. तिच्यात पाणी भरून ठेवायचे, विष्ठेचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. दर्जेदार प्रयोगशाळेची जागा ही बाटली घेत नाही, पण धोक्याची सूचना नक्की देते. जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायची तरतूद याच विचारातून आली. नवलगुंदच्या तळ्याकाठी चार शब्द सुनावणाऱ्या म्हातारीचे काम आता त्या पाचजणींनी करायचे आहे. फरक इतकाच की त्यांना न दिसणारी घाणही दिसेल आणि त्यांच्या राखणीत कुणाचा काठ वेगळा असणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचे आणि दिव्याचे बोलून झाले की कुणीतरी उठून चार गोष्टी विचाराव्या. आपल्या टाकीतून शेवटच्या घरी रोज किती तास पाणी जाते? गेल्या महिन्यात त्या शेवटच्या नळाचे पाणी तपासले का? त्याचा निकाल पंचायतीच्या फळ्यावर का लावत नाहीत? आणि गावातली सार्वजनिक विहीर शेवटची कधी उपसली? उत्तर कुणाला देता आले नाही तरी चालेल. पुढच्या सभेत परत विचारावे. म्हादई राखायला आपण जेवढ्या जोरात उभे राहतो, त्याच्या दशांश जोराने आपल्या वाड्यावरचा नळ राखला तरी पुष्कळ झाले.